फरारी नेमका कोणाचा? त्रिंबकजी डेंगळे आणि 'द्रोह' या शब्दाची तपासणी

मागच्या लेखात आपण 'विषय' आणि 'संशोधनप्रश्न' यांतला फरक बघितला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. फरक कळला, पण प्रत्यक्ष एखाद्या प्रकरणावर तो लावायचा कसा? पेटच्या मुलाखतीत समोरचे विचारतात, "तुमचा प्रश्न काय?" आणि आपण विषयच पुन्हा सांगत बसतो. म्हणून आज एकच प्रकरण घेऊ आणि ते सावकाश उलगडू. प्रकरण आमच्या संगमनेरचं आहे. माणूस फरारी आहे, त्याच्यामागे एक नाही, दोन सरकारं लागली आहेत, आणि त्याने नक्की कोणाचा घात केला यावर आजही एकमत नाही.

संगमनेरहून लोणीकडे जाताना निमगाव जाळी लागतं. त्रिंबकजी डेंगळे मूळचे तिथले. दुसऱ्या बाजीरावांचे सर्वांत विश्वासू कारभारी, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचे आरोपी, ठाण्याच्या तुरुंगातून पळालेले कैदी आणि शेवटी चुनारच्या किल्ल्यात मेलेले राजकैदी. शाळेच्या पुस्तकात त्यांना फार तर दोन ओळी मिळतात.

सुरुवातीलाच माझी एक चूक सांगतो. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं, "पेशवाईतील राजद्रोही त्रिंबकजी डेंगळे याचा पाठलाग : एक अभ्यास". गाईडनी दोनच शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद परत दिला. 'राजद्रोही' आणि 'याचा'. बाकी काही बोलले नाहीत. पहिल्या रेघेचा अर्थ लगेच कळला, दुसरीचा कळायला आठवडा गेला.

तो की ते?

दुसऱ्या रेघेपासून सुरू करू, कारण ती गंमत फक्त आपल्या भाषेत आहे. इंग्रजीत गव्हर्नर असो की गुन्हेगार, सर्वनाम एकच. मराठीत तसं चालत नाही. वाक्य लिहायचं म्हणजे आधी 'तो' की 'ते' ठरवावं लागतं. बहुतेक जुनी मराठी पुस्तकं उघडून बघा. पेशवे 'ते' असतात, एल्फिन्स्टनसाहेब कधी कधी 'ते' असतात, आणि त्रिंबकजी मात्र 'तो'. म्हणजे पुरावा मांडायच्या आधीच निकाल लागलेला असतो, तोही व्याकरणातून!

या लेखात मी सगळ्यांनाच 'ते' म्हणणार आहे. हा त्रिंबकजींचा गौरव नाही. एकाच मापाने सगळ्यांना मोजायचं, एवढाच हेतू. तुमच्या प्रबंधात तुम्ही काय कराल ते तुम्ही ठरवा. पण ठरवा, नकळत होऊ देऊ नका.

आधी घटनाक्रम

कुठलाही अर्थ लावण्याआधी घटनाक्रम कोरडा लिहून काढायचा, ही सवय लावून घ्या. विशेषणं नकोत, फक्त कोण, कुठे, कधी.

25 ऑक्टोबर 1802 रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळून महाडला गेले आणि तिथून वसईला. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला. इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने बाजीराव पुन्हा पुण्यात आले, पण त्याची किंमत मोठी होती. दुसऱ्या सत्तांशी परस्पर व्यवहार करण्याचं स्वातंत्र्य गेलं. त्रिंबकजींचा उदय याच पळापळीच्या काळातला सांगतात. महाड मुक्कामी असताना पुण्याला पत्र पोचवून झटपट उत्तर आणणारा जासूद म्हणून ते पेशव्यांच्या नजरेत भरले. पुढे खासगीतली चाकरी, मग तोफखाना, मग मुलखाचा कारभार अशी चढती कमान राहिली.

1814 हे वर्ष वहीत अधोरेखित करून ठेवा. गुजरातमधला पेशव्यांचा हिस्सा, म्हणजे अहमदाबादचा सुभा, दहा वर्षं गायकवाडांकडे इजाऱ्याने होता. ती मुदत संपली. बाजीरावांनी इजारा वाढवून न देता सुभा त्रिंबकजींच्या नावे केला. शिवाय गायकवाडांकडे जुन्या हिशोबाची मोठी बाकी निघत होती. ती बोलणी करायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यात आले. ते नुसते वकील नव्हते. त्यांच्या जीविताची हमी कंपनी सरकारने घेतली होती. ही हमी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

पुण्यात शास्त्रीबुवांना आधी दूर ठेवलं गेलं आणि मग अचानक जवळ केलं गेलं. त्यांच्या मुलाशी पेशव्यांच्या मेहुणीचं लग्न लावायचंही ठरत आलं होतं. ते फिसकटलं. जुलै 1815 मध्ये आषाढीच्या दिवसांत पेशवे, त्रिंबकजी आणि शास्त्री तिघंही पंढरपुरात होते. प्रकृती बरी नसतानाही, त्रिंबकजींकडून पुन्हा पुन्हा निरोप आल्यावर शास्त्री रात्री विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना गाठलं आणि ठार केलं.

रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळच्या लेण्यांकडे गेलेले होते. परत आल्यावर त्यांनी त्रिंबकजींच्या अटकेची मागणी केली. पेशव्यांनी बरीच टाळाटाळ केली. कंपनीच्या फौजा हलू लागल्या तेव्हा सप्टेंबर 1815 मध्ये त्यांनी त्रिंबकजींना आधी वसंतगडावर ठेवलं आणि त्याच महिन्यात इंग्रजांच्या हवाली केलं. रवानगी झाली ठाण्याच्या किल्ल्यात. बरोबर वर्षभराने, सप्टेंबर 1816 मध्ये, ते तिथून पळाले.

घटनाक्रम इथे थांबवू, कारण पाठलाग इथून सुरू होतो.

पुरावा किती आणि समजूत किती

आता एक साधा प्रश्न. खून त्रिंबकजींनीच करवला, हे आपल्याला कसं माहीत?

बहुतेक वाचक म्हणतील, "सगळ्या पुस्तकांत तसंच आहे." बरोबर. पण ती पुस्तकं कशावर उभी आहेत? मुख्य आधार रेसिडेन्सीच्या कागदांचा. एल्फिन्स्टननी माणसांचे जबाब गोळा केले, परिस्थितीजन्य गोष्टी जोडल्या. पुन्हा पुन्हा गेलेले निरोप, मारेकऱ्यांची ये-जा, चौकशीबाबत पेशव्यांच्या दरबाराची उदासीनता. हा पुरावा हलका नाही. मला स्वतःला तो बराच वजनदार वाटतो. पण तो कधीही कुठल्याही न्यायासनासमोर तपासला गेला नाही. त्रिंबकजींवर खटला चालला नाही. ना पेशव्यांच्या दरबारात, ना इंग्रजांच्या.

शिवाय शास्त्रीबुवांचे दुसरेही वैरी होते. बडोद्याच्या कारभारातून दूर झालेल्या सीताराम यांची माणसं, गोविंदराव बंधूजी आणि भगवंतराव गायकवाड, त्याच सुमारास पुण्यात शास्त्रींच्या विरोधात खटपट करत होती. संशय त्यांच्यावरही आला आणि त्यांनाही पुढे बडोद्याच्या ताब्यात देण्यात आलं.

आणखी एक बाब. एल्फिन्स्टननी आरोप बाजीरावांवर ठेवला नाही. संशय त्यांच्यावरही होता, पण जाहीर भूमिका अशी घेतली गेली की पेशवे निर्दोष आहेत, दुष्ट कारभाऱ्याने त्यांना फसवलं. हे सूत्र आपल्याकडचंच नाही. युरोपातही कित्येक बंडखोर म्हणत, "राजा भला आहे, सल्लागार वाईट आहेत." राजावर थेट बोट ठेवलं की युद्धच करावं लागतं. मंत्र्यावर ठेवलं की वाटाघाटीला जागा राहते. म्हणून 'फक्त त्रिंबकजी दोषी' हे वाक्य कागदात दिसलं की ते शोध लागलेलं सत्य म्हणून वाचू नका. ती राजकीय निवडही होती.

याचा अर्थ त्रिंबकजी निर्दोष होते असा नाही. इथे बरेच विद्यार्थी उडी मारतात. 'खटला झाला नाही' आणि 'गुन्हा केला नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं आपण ठामपणे लिहू शकतो. दुसरं नाही.

मोतद्दाराचं गाणं

ठाण्याहून सुटकेची कथा तुम्ही ऐकली असेल. पहाऱ्यावर मुद्दाम युरोपियन शिपाई ठेवले होते, म्हणजे फितुरी होणार नाही. एक मराठा मोतद्दार किल्ल्यातल्या एका साहेबाच्या चाकरीला राहिला. रोज घोडा फिरवताना तो कैद्याच्या खिडकीखालून गाणी म्हणत जायचा, आणि त्या गाण्यांत सुटकेचा सगळा बेत असायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. भिंतीला भोक पाडून एका रात्री त्रिंबकजी निसटले.

गोष्ट झकास आहे. म्हणूनच सावध राहायचं. बिशप हेबर यांनी 1824 मध्ये चुनारला त्रिंबकजींना पाहिलं. त्यांच्या प्रवासवर्णनातून ही गाण्याची कथा इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली. पुस्तक निघालं 1828 साली, हेबर गेल्यानंतर दोन वर्षांनी. गाण्याचे म्हणून जे शब्द तिथे वाचायला मिळतात ते इंग्रजी पद्याच्या रूपात आहेत. म्हणजे सुटका आणि छापील मजकूर यांत बारा वर्षांचं अंतर आहे, मध्ये भाषांतर आहे, आणि सांगणारा सुटकेच्या वेळी तिथे नव्हता.

मग टाकून द्यायची का ही गोष्ट? अजिबात नाही. फक्त तिला योग्य प्रश्न विचारायचा. "हे गाणं खरंच म्हटलं होतं का?" याचं उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. पण "ही गोष्ट सांगायची गरज कोणाला होती?" याचं उत्तर मिळू शकतं. इंग्रजांसाठी ती अपयशाचा बचाव होती. पहारा ढिला नव्हता हो, भाषा आडवी आली! आणि मराठी ऐकणाऱ्यांसाठी तीच गोष्ट आपल्या भाषेच्या विजयाची होती. एकाच कथेचे दोन ग्राहक. अशी कथा टिकते यात नवल नाही.

दोन सरकारं, एक पाठलाग

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पळाल्यानंतर त्रिंबकजी गेले कुठे? संगमनेर, नाशिक, खानदेशच्या डोंगरपट्ट्यात आणि नंतर नीरेच्या दक्षिणेला शंभू महादेवाच्या डोंगरात. 1817 च्या सुरुवातीला नातेपुते आणि महादेव डोंगराच्या आसपास त्यांच्याभोवती माणसं जमू लागली. त्यांत रामोशी, भिल्ल, मांग समाजांतले लोक होते आणि मोकळे झालेले घोडेस्वारही. हे वाचताना थोडं थांबा. आपण 'पाठलाग' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर एक माणूस आणि मागे लागलेले घोडे येतात. पण डोंगरात माणूस एकटा राहूच शकत नाही. भाकरी कोण देतो, पाणवठा कोण दाखवतो, खालच्या गावात फौज आल्याची खबर कोण आणतो? फरारी माणूस म्हणजे त्याच्या मागे उभी असलेली गावं आणि वस्त्या. आणि त्यांची नावं आपल्याला जवळपास कुठेच मिळत नाहीत. तुमच्यापैकी कोणाला नवा विषय हवा असेल, तर इथे शोधा.

पाठलाग करणारं पहिलं सरकार पेशव्यांचं. तेच त्रिंबकजींचे धनी. एल्फिन्स्टन म्हणत, तुमच्या मुलखात बंड होतंय, मोडून काढा. पेशव्यांची पथकं जात, परत येत आणि कळवत की तिथे बंडखोर कोणी आढळला नाही. रेसिडेन्सीचा आरोप असा की पेशवे आतून त्रिंबकजींना पैसे पुरवत आहेत. म्हणजे कागदावर पाठलाग आणि पाठीमागे पोसणं. दुसरं सरकार कंपनीचं. तिने कर्नल स्मिथ यांच्या हाताखाली फौज धाडली, निजामाकडचे घोडेस्वार कामाला लावले. ते माणसं पांगवू शकले, पण मुख्य माणूस हाती आला नाही.

शेवटी मे 1817 मध्ये एल्फिन्स्टननी पुण्याभोवती फौज उभी केली आणि अट घातली. एक महिन्याच्या आत त्रिंबकजी हवाली करा, आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड आमच्या ताब्यात द्या. एका माणसासाठी तीन किल्ले, त्यांतला एक शिवछत्रपतींच्या राजधानीचा! बाजीरावांनी किल्ले दिले आणि जाहीरनामा काढला.

जाहीरनामा कसा वाचायचा

हा जाहीरनामा म्हणजे आपल्या आजच्या धड्याचा गाभा आहे. त्यातली मुख्य कलमं अशी. त्रिंबकजींना जिवंत किंवा मृत आणून देणाऱ्याला दोन लाख रुपये रोख आणि वर गावाचं उत्पन्न. ठावठिकाणा सांगणाऱ्याला लहान इनाम. ठरावीक मुदतीत परतणाऱ्या साथीदारांना माफी, मात्र बारा जण सोडून. न परतणाऱ्यांची मालमत्ता जप्त.

विद्यार्थी असा कागद 'माहिती' म्हणून वाचतात. मी सांगतो, तो 'कबुलीजबाब' म्हणून वाचा. सरकार जेव्हा काही देऊ करतं, तेव्हा आपल्याकडे काय नाही ते सांगत असतं.

दोन लाखांचं इनाम सांगतं की आमच्या फौजेला हा माणूस सापडत नाही, त्याच्याच माणसाने तो विकायला हवा. ठावठिकाण्यासाठी वेगळं इनाम सांगतं की गावं बोलत नाहीत. मुदतीची माफी सांगते की साथीदार इतके आहेत की सगळ्यांना शिक्षा करणं परवडणार नाही. बारा जणांचा अपवाद सांगतो की आम्हाला म्होरके कोण ते माहीत आहे, म्हणजे खबर काही प्रमाणात येते आहे. आणि जप्तीचं कलम सांगतं की डोंगरात गेलेल्या माणसाचं घर आणि जमीन खाली गावातच आहे. तो पुरता तुटलेला नाही.

पाच कलमं, पाच कमकुवत जागा. इनाम कोणी घेतलं नाही. जाहीरनामा निघाल्यानंतर वर्षभर त्रिंबकजी सापडले नाहीत. दोन लाख रुपये ही त्या काळात कित्येक पिढ्यांची सोय होती. तरी कोणी पुढे आलं नाही. का? भीतीमुळे, निष्ठेमुळे, की इनाम मिळेल यावर विश्वास नव्हता म्हणून? हा झाला संशोधनप्रश्न. 'त्रिंबकजी डेंगळे' हा विषय होता. फरक दिसला?

आणखी एक. जाहीरनाम्यावर शिक्का पेशव्यांचा होता, पण मजकूर कोणाच्या दबावाने निघाला ते आपण पाहिलं. त्यामुळे 'पेशव्यांनी त्रिंबकजींना बंडखोर ठरवलं' हे वाक्य खरं आहे आणि अपुरंही. कागदावर सही कोणाची आणि मागे हात कोणाचा, हे दोन्ही लिहायला हवं.

तहातलं वाक्य

13 जून 1817 चा पुण्याचा तह याच मालिकेतला. अहमदनगरचा किल्ला कंपनीकडे गेला, गुजरातेतले हक्क गेले, मराठी राज्यांवरचं पुढारपण पेशव्यांना लेखी सोडून द्यावं लागलं. पण तहाचं पहिलंच कलम त्रिंबकजींबद्दल आहे. गंगाधरशास्त्रींचा खून त्रिंबकजींनी केला हे पेशव्यांना मान्य आहे, त्यांना पकडून कंपनीच्या हवाली करण्याचं वचन आहे, आणि तोवर त्रिंबकजींचं कुटुंब कंपनीकडे ओलीस राहील.

दोन गोष्टी बघा. ज्या आरोपावर खटला झाला नाही, तो तहात कबूल करून घेतला गेला. न्यायालयात जे सिद्ध करायचं असतं ते इथे राजाच्या तोंडून वदवून घेतलं. आणि दुसरी गोष्ट, घरची माणसं. त्यांच्यावर कुठलाच आरोप नव्हता. राज्यकारभाराच्या मोठ्या गोष्टी वाचताना हे कलम डोळ्यांखालून सहज निसटतं. माझ्याही निसटलं होतं. तिसऱ्यांदा वाचताना जाणवलं की या सगळ्या पाठलागात प्रत्यक्ष पकडली गेलेली पहिली माणसं हीच.

द्रोह कोणाचा?

आता गाईडच्या पहिल्या रेघेकडे. 'राजद्रोही'.

द्रोह म्हटला की त्याला षष्ठी लागते, कोणाचा द्रोह? त्रिंबकजींच्या बाबतीत ही षष्ठी लावून बघा. छत्रपतींचा? कायद्याने राजा साताऱ्याला होता आणि पेशवे त्याचे प्रधान. पण त्या छत्रपतींना पेशव्यांनीच नजरकैदेसारखं ठेवलं होतं, आणि त्रिंबकजींवरचा आरोप त्यांच्याशी संबंधित नव्हता. पेशव्यांचा? मग धनी आतून त्यांना पोसत होता या आरोपाचं काय करायचं? कंपनीचा? पण त्रिंबकजी कंपनीचे प्रजाजन नव्हते आणि चाकरही नव्हते. ज्याचं मीठ खाल्लं नाही त्याच्याशी नमकहरामी कशी होईल?

आपल्या जुन्या कागदांतले शब्द याबाबत फार काटेकोर आहेत. 'बंड' म्हणजे उघड उठाव. 'फितूर' म्हणजे शत्रूशी आतून संधान. 'हरामखोरी' किंवा 'नमकहरामी' म्हणजे धन्याचं खाऊन धन्याशी बेइमानी. तिन्ही शब्दांत नातं वेगळं आहे. इंग्लंडातही तिसऱ्या एडवर्डच्या काळात, 1351 च्या कायद्याने, राजाविरुद्धचा द्रोह वेगळा आणि नोकराने धन्याला मारण्याचा द्रोह वेगळा, अशी विभागणी केली होती. आजचा 'राजद्रोह' म्हटल्यावर आपल्या डोक्यात येतं ते 1870 साली दंडसंहितेत आलेलं कलम 124-अ आणि टिळकांवरचे 1897 व 1908 चे खटले. तो अर्थ 1817 च्या माणसाला लावला की गडबड होते. माझ्या शीर्षकात तीच झाली होती.

आमच्याच तालुक्यात याचं जुनं उदाहरण आहे. 1633 मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यातल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि जवळजवळ तीन वर्षं कारभार चालवला. त्याआधी ते काही काळ मोगलांचे मनसबदार होते. 1636 मध्ये शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला, फौजा मागे लावल्या आणि माहुलीला शहाजीराजांना शरण यावं लागलं. मोगली तवारिखांत ते बंडखोर, निजामशाहीच्या बाजूने पाहिलं तर राज्य वाचवणारे. माणूस तोच, किल्ला तोच. फक्त कागद कुठल्या दफ्तरातला, एवढाच फरक.

शेवट

नोव्हेंबर 1817 मध्ये युद्ध पेटलं आणि मुखवटा गळून पडला. डिसेंबरमध्ये त्रिंबकजी उघडपणे पेशव्यांच्या लष्करात आले. ज्या धन्याने सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या डोक्यावर दोन लाखांचं इनाम लावलं होतं, त्याच धन्याच्या बाजूने. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत बापू गोखले आणि आप्पा देसाई निपाणकर यांच्याबरोबर ते होते. 3 जून 1818 रोजी बाजीराव अशीरगडजवळ माल्कमना शरण गेले आणि सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला राहायला गेले. त्रिंबकजींना त्या करारात जागा नव्हती. जूनअखेरीस नाशिककडच्या अहिरगावात कॅप्टन स्वान्स्टन यांनी त्यांना पकडलं. काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात त्यांना ठेवलं गेलं आणि 1829 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. ज्यांच्या हुकमाने किंवा ज्यांच्यासाठी ते सगळं झालं असं मानतात, ते बाजीराव 1851 पर्यंत बिठूरला जगले.

तुमच्यासाठी कामाचं

या प्रकरणावर काम करायचं असेल तर दोन्ही बाजूंचे कागद हवेत. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार इंग्रजीत छापलेला आहे, म्हणून सगळे तिथेच थांबतात. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर मोडीत आहे, म्हणून तिकडे कमी जण जातात. मोडी शिका. तीन-चार महिने रोज तासभर दिला तर सरावाची अक्षरं लागू लागतात. ग्रँट डफ यांचा 1826 चा इतिहास जरूर वाचा, पण ते स्वतः एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली काम केलेले अधिकारी होते हे विसरू नका. पाठलाग करणाऱ्यांपैकीच एकाने लिहिलेला तो इतिहास आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. त्याची खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते कळतं, एवढंच.

आणि स्थानिक अभिमानापासून जपा. हे मी स्वतःलाच बजावतो. निमगाव जाळीला गेलो तेव्हा एका आजोबांनी पारावर बसवून घेतलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "एवढं शिकताय तर एकदाचं सांगून टाका. आमचा माणूस खुनी का देशभक्त?"

मी गडबडलो. म्हटलं, "आजोबा, खुनाचा संशय जबर आहे. पण कुणी त्यांना उभं करून विचारलंच नाही."

आजोबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग तेवढंच लिहा. इचारलं न्हाई, असं लिहा."

सिनॉप्सिसचं शीर्षक मी त्याच आठवड्यात बदललं. आता ते असं आहे : "खटल्याविना दोषी : त्रिंबकजी डेंगळे प्रकरणातील जाहीरनामा, तह आणि कैद (1815–1829)". 'राजद्रोही' गेला, 'याचा'ही गेला. गाईडनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त विचारलं, "मोडी कुठपर्यंत आली?"

पुढच्या लेखात मोडीबद्दलच बोलू. तोवर तुमच्या स्वतःच्या शीर्षकातलं प्रत्येक विशेषण काढून बघा. विषय कोसळला, तर समजा की तुमच्याकडे अजून प्रश्न नाही, फक्त निकाल आहे.